युवागटांच्या कामाचा दर्जा आणि परिणाम मोजायचा कसा? आमच्याकडे तर आकडा खाली आलाय

गटचालक_भोसरी

आठ वस्त्यांत युवागट चालतात. वय १५ ते २४, गटात २० ते २५ जण, आठवड्याला दोन तासांचं एक सत्र, जुलै ते मार्च. विषय संवाद, लिंगभाव, करिअर, आणि शेवटच्या तीन महिन्यांत गटाने ठरवलेला वस्तीतला एक उपक्रम.

मोजणी दोनच गोष्टींची होते. एक हजेरी. दुसरी, जुलैत आणि मार्चमध्ये भरून घेतलेली २० विधानांची प्रश्नावली ('मला स्वतःबद्दल अभिमान वाटतो', 'मी सगळ्यांसमोर मोकळेपणाने बोलू शकतो/शकते' वगैरे), पर्याय 'पूर्णपणे असहमत' ते 'पूर्णपणे सहमत' असे पाच. यंदा जुलैची सरासरी ३.९ आणि मार्चची ३.७ आली. कागदावर नऊ महिन्यांत आत्मविश्वास घटला. गट घेणाऱ्या ताई-दादांना हे मुळीच पटत नाहीये.

विचारायचं हे: आकडा खाली का गेला असेल? प्रश्नावली बदलायची की टाकून द्यायची? आणि सत्र चांगलं झालं की नाही हे हजेरीपलीकडे कशावरून ठरवायचं? निधी देणाऱ्या कंपनीला अहवाल एप्रिलअखेर द्यायचा आहे.

मोजपट्टी

चार कारणं संभवतात. चारही एकदम लागू असू शकतात.

पहिलं आणि सगळ्यात नेहमीचं: मोजणाऱ्याची पट्टीच बदलली. जुलैत 'मोकळेपणाने बोलणं' म्हणजे कट्ट्यावर आवाज चढवता येणं, असं समजून मुलगा ५ वर खूण करतो. नऊ महिन्यांत त्याने न भांडता मतभेद मांडणारे लोक पाहिले, स्वतः दोनदा अडखळला, आणि मार्चमध्ये प्रामाणिकपणे ४ लिहिलं. हा घसरणीचा नव्हे, समज वाढल्याचा आकडा आहे. प्रशिक्षणांच्या मूल्यमापनात हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. त्यावरचा तोडगा म्हणजे मार्चच्या कागदावर प्रत्येक विधानापुढे दोन रकाने: 'आज' आणि 'आज मागे वळून पाहिलं तर जुलैत कसं होतं'. आधी 'आज' भरायचं, मग मागचं. सावध राहा, या पद्धतीत आकडा फुगतो. आपण काहीतरी कमावलं असं दाखवायला सगळ्यांनाच आवडतं. म्हणून जुलैचा कागद बंद करायचा नाही. अहवालात तिन्ही आकडे द्यायचे आणि फरक का आहे ते लिहायचं.

दुसरं: जुलैत भरणारे आणि मार्चमध्ये भरणारे तेच लोक होते का? कागदांवर नावं नसतील तर तुम्ही दोन वेगवेगळ्या जमावांच्या सरासऱ्या एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत. पुढच्या वेळी खूणक्रमांक घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस, भावंडांत आपला नंबर कितवा. मोबाइलचे शेवटचे अंक घेऊ नका, या वयात सिम सारखं बदलतं. दोन कागदांच्या जोड्या लागल्या तरच फरक काढायचा. आणि ज्यांची जोडी लागली नाही त्यांची जुलैची सरासरी वेगळी काढून बघा. ती उरलेल्यांपेक्षा बरीच कमी असेल तर तुमच्या गटातून नेमकी गरजेची मुलं गळताहेत, आणि ही बातमी २० विधानांच्या सरासरीपेक्षा मोठी आहे.

तिसरं: ५ पैकी ३.९ वरून वर जायला जागाच किती उरते? अर्ध्या मुलांनी सगळीकडे ५ लिहिलं असेल तर त्यांच्या बाबतीत ही पट्टी वाढ दाखवूच शकत नाही.

चौथं, नशीब. समजा एकेकाच्या फरकाचं प्रमाण विचलन (एकेकाचे फरक सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.६ आहे. मग २५ जणांच्या एका गटात सरासरी फरक अंदाजे ±०.२५ इतका निव्वळ योगायोगाने हलतो. १६० जोड्यांवर तोच ±०.०९ होतो. म्हणजे ०.२ची घसरण सगळे गट मिळून असेल तर ती खरी मानून कारण शोधावं लागेल. पण 'अमुक वस्तीचा गट तमुकपेक्षा ०.२ने मागे' असं वाक्य अहवालात असेल तर ते आधी खोडा. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही आणि एका ताईचा उगाच बळी जातो.

शब्दशः

मोजपट्टींनी पट्टी बदलल्याचं सांगितलं ते बरोबर, पण ही पट्टी मुळातच वाकडी आहे.

'अभिमान' घ्या. मराठीत तो देशाचा, गावाचा, आई-बापांचा असतो. स्वतःचा अभिमान म्हटलं की निम्म्या लोकांच्या मनात 'गर्विष्ठ' येतं. कीर्तनापासून शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापर्यंत 'अभिमान नसावा' हेच ऐकत आलेली मुलगी तिथे ५ का लिहील? हा दोष भाषांतराचा आहे, तिच्या आत्मविश्वासाचा नाही. रोझेनबर्ग यांची १९६५ची दहा विधानांची आत्मसन्मान मापिका जगभर वापरतात. तिचं आठवं विधान, 'मला स्वतःबद्दल अधिक आदर असता तर बरं झालं असतं' या अर्थाचं, अनेक भाषांत उलटं वाचलं जातं. मोजायची असते कमतरतेची भावना, आणि वाचणाऱ्याला ती चांगली इच्छा वाटते.

नकारार्थी विधानांवर 'असहमत' हा तर सापळाच. 'मला काहीच जमत नाही', आणि त्यावर 'असहमत'. म्हणजे जमतं की नाही? संध्याकाळी सात वाजता, पंख्याखाली, शेजारणीचा कागद बघत भरणाऱ्या मुलाकडून हा हिशेब नको. 'सहमत' हा शब्दसुद्धा वस्तीत बोलला जात नाही. 'अगदी माझ्यासारखं', 'बरंचसं माझ्यासारखं', 'थोडंसं माझ्यासारखं', 'माझ्यासारखं नाही' हे चार पर्याय जास्त चालतात. मधला 'सांगता येत नाही' काढा, कंटाळलेले सगळे तिथे जाऊन बसतात.

छापण्यापूर्वी सहा ते आठ जणांबरोबर, एकेकाशी, पाऊण तास बसायचं. यात मुलगेही हवेत, मुलीही, आणि वाचायला अडखळणारे निदान दोघं. प्रत्येक विधान वाचून घ्यायचं आणि तीन प्रश्न विचारायचे: तुझ्या शब्दांत सांग; उत्तर देताना कोणता प्रसंग डोळ्यांसमोर आला; खूण इथेच का केलीस? दोघांनी अर्थ चुकीचा सांगितला की विधान बाद. २० पैकी आठ-नऊ उरले तर वाईट वाटून घेऊ नका, आठ पुरतात.

जमेल तिथे भावनेऐवजी घडलेली गोष्ट विचारा, मुदत घालून. 'मी निर्णय घेऊ शकते' याऐवजी 'गेल्या तीन महिन्यांत तुझ्या शिक्षणाबद्दल किंवा लग्नाबद्दल घरात बोलणं झालं का? झालं तर तुझं मत कुणी विचारलं? न विचारता तू सांगितलंस का?' 'मला आत्मविश्वास आहे' याऐवजी 'गेल्या तीन महिन्यांत बँकेत, वॉर्ड ऑफिसात किंवा कॉलेजच्या ऑफिसात एकट्याने जाऊन काम करून आणलंस का?' याचं उत्तर हो किंवा नाही. दोन्ही वेळा ते वेगवेगळ्या पट्टीने मोजलं जायचा धोका बराच कमी होतो.

सत्रनिरीक्षक

वरच्या दोन्ही उत्तरांत मोजणी मुलांची चालली आहे. मुलांच्या आयुष्यात नऊ महिन्यांत शंभर गोष्टी घडतात. तुमच्या हातात आहेत आठवड्याचे दोन तास. आधी ते तास मोजा.

सत्राच्या दर्जाची निरीक्षणं करायला अमेरिकेत हायस्कोप संस्थेतून आलेलं एक साधन बरंच वापरलं जातं. त्यात प्रत्येक मुद्द्याला १, ३ किंवा ५ असेच गुण, आणि प्रत्येक गुणासमोर नेमकं काय दिसलं पाहिजे ते लिहिलेलं. मुद्द्यांची रचना पायऱ्यांची आहे: तळाशी सुरक्षित वातावरण, मग आधार देणारं वातावरण, मग आपापसातला संवाद, सर्वांत वर गुंतणं. तळ कच्चा असेल तर वरचं टिकत नाही, हा त्यामागचा विचार. जसंच्या तसं आणू नका, ढाचा घ्या. आपल्या गटांसाठी सहा ओळी पुरतात. नमुन्यादाखल दोन:

*निर्णय कोण घेतं.* १: विषय, खेळ, वेळ सगळं ताईने ठरवलं. ३: ताईने दोन-तीन पर्याय दिले, गटाने एक निवडला. ५: गटाने स्वतः पर्याय काढले, निवडले, आणि निदान एका भागाची जबाबदारी सदस्यांनी पार पाडली.

*प्रश्नानंतरची शांतता.* १: प्रश्न विचारून ताईनेच उत्तर दिलं. ३: ताई थांबली, पण नेहमीच्या दोघा-तिघांनीच उत्तर दिलं. ५: पाच सेकंद तरी थांबली, आधी जोडीत बोलायला दिलं, आणि एरवी गप्प बसणाऱ्यांपैकी कुणीतरी बोललं.

'वातावरण उत्साही होतं' अशी ओळ कागदावर नको. ती कुणालाही कुठेही लिहिता येते.

निरीक्षक दोन हवेत, एक दुसऱ्या वस्तीचा गटचालक, एक गटातलाच जुना सदस्य. सलग एक तास बसायचं, गुण द्यायचे नाहीत, फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं टिपायचं. गुण नंतर, वेगवेगळे बसून. मग जुळवायचे. एकाचा १ आणि दुसऱ्याचा ५ आला तर सरासरी ३ काढून मोकळं व्हायचं नाही. टिपणं काढून बघायची, बहुधा गुणासमोरचं वर्णनच संदिग्ध असतं. ते तिथल्या तिथे दुरुस्त करा. सुरुवातीच्या तीन-चार निरीक्षणांत सहापैकी चार ओळी जुळल्या तरी पुष्कळ. पाच जुळायला लागल्या की मगच आकडे नोंदवहीत.

शेजारी एक साधा तक्ता ठेवा: गोल बसलेल्यांची आकृती काढून प्रत्येक जण बोलला की त्याच्यापुढे रेघ. तासाभराने ताईच्या नावापुढे निम्म्याहून जास्त रेघा निघतात, आणि ते तिलाच सर्वांत आधी खटकतं. मुली आणि मुलगे वेगळे मोजा. मिश्र गटात मुली निम्म्या असून रेघा चौथाई, हे नेहमीचं चित्र. त्यावर भाषण न देता पुढच्या सत्रात फक्त बसण्याची रचना आणि जोड्या बदलून पाहा, पुन्हा मोजा.

प्रत्येक गटाचं निरीक्षण वर्षात तीनदा: ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी. एका निरीक्षणाला प्रवास सोडून दोघांचे प्रत्येकी अडीच तास जातात. आठ गट, तीन फेऱ्या म्हणजे १२० माणूसतास. हे आत्ताच अंदाजपत्रकात घाला, नाहीतर नोव्हेंबरची फेरी दिवाळीत वाहून जाईल.

एक पथ्य मात्र कडक पाळा. हे गुण पगारवाढीला किंवा कंत्राटाच्या नूतनीकरणाला जोडायचे नाहीत. जोडले की दुसऱ्याच फेरीत निरीक्षणाच्या दिवशी खास सजवलेलं सत्र बघायला मिळतं, आणि दोन मित्र एकमेकांना ५ देतात.

'युवा सहभाग' मोजायचा असेल तर रॉजर हार्ट यांची १९९२ची आठ पायऱ्यांची शिडी अजून कामाची आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं, नावापुरतं बोलावणं. पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभे केलेले युवक कुठल्या पायरीवर येतात ते तुमचं तुम्ही ठरवा.

ओसरी

हजेरीला इथे सगळ्यांनी तुच्छ लेखलंय. हजेरी वाईट नाही, तिची टक्केवारी काढणं वाईट. एनएसएसमध्ये (कॉलेजांतली राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाला १२० तास भरले की काम झालं, तसं गटात तास भरून काही कळत नाही. '७२ टक्के' हा आकडा काहीच बोलत नाही. त्याच वहीतून तीन गोष्टी काढा.

लागोपाठ तीन सत्रं न आलेले कोण? तिसऱ्या सत्राच्या रात्रीच फोन, चौथ्याला घरी. कारण पाच-सहा ठरावीक खुणांत नोंदवा: काम लागलं, परीक्षा किंवा क्लास, घरच्यांनी बंद केलं, गटात भांडण, कंटाळा, स्थलांतर. 'घरच्यांनी बंद केलं' आणि 'काम लागलं' या दोन वेगळ्या दुनिया आहेत, दोन्हींना 'गळती' म्हणून एकत्र बांधू नका.

दुसरं, मुलींची हजेरी महिन्यानुसार. नोव्हेंबरनंतर अंधार लवकर पडतो आणि साडेसहाचं सत्र असेल तर मुलींचा आकडा खाली येतो. त्याचा तुमच्या लिंगभावाच्या सत्राशी संबंध नसतो, वेळ साडेपाच केली की कळतं. नळाला पाणी येण्याची वेळ आणि सत्राची वेळ एक आली तरी तेच. गणपती-नवरात्रात मुलगे मंडळात असतात, फेब्रुवारी-मार्चला बारावी-दहावी. हे आठवडे आधीच वहीत रंगवून ठेवा म्हणजे दर वर्षी नव्याने दचकायला नको.

तिसरं, कुणी कुणाला आणलं. नव्या सदस्यापुढे त्याला आणणाऱ्याचं नाव लिहा. सगळे नवे लोक ताईनेच आणले असतील तर गट अजून ताईचाच आहे.

गोष्टी गोळा करण्याबद्दलही थोडं. 'सर्वांत महत्त्वाचा बदल' नावाची पद्धत रिक डेव्हिस यांनी १९९०च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामीण कार्यक्रमासाठी बसवली. दर तिमाहीला एकच प्रश्न: गेल्या तीन महिन्यांत तुझ्या मते सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता, आणि तोच का? गटाने आपल्यातल्या गोष्टींतून एक निवडायची, सगळ्या गटचालकांनी मिळून आठांतून एक, आणि प्रत्येक वेळी निवडीचं कारण लेखी. लोक गोष्ट जपून ठेवतात आणि कारण लिहायला विसरतात, तिथेच सगळं वाया जातं. तुमच्या संस्थेला 'महत्त्वाचं' काय वाटतं ते त्या कारणांतूनच कळतं. एक रकाना 'वाईट बदल' यासाठी सक्तीने ठेवा. नाहीतर वर्षाअखेर तुमच्याकडे पोलीसभरती झालेल्या मुलीची एकच गोष्ट चार भाषांत असेल.

गटचालक_भोसरी

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. दोन अडचणी राहिल्या. कंपनीचा माणूस 'इम्पॅक्ट असेसमेंट (परिणामांचं मूल्यमापन) कायद्याने बंधनकारक आहे' म्हणतोय आणि नियंत्रण गटासह, म्हणजे कार्यक्रम न मिळालेल्यांशी तुलना करून, अभ्यास हवा असं सुचवतोय. आणि १८ खालच्या मुलांकडून घरातली मारहाण, छेडछाड याबद्दल प्रश्न घ्यायचे का? लिंगभावाचा परिणाम दाखवायचा तर कंपनीने त्यावर भर दिलाय.

मोजपट्टी

कायद्याचं आधी. सीएसआरच्या (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या) नियमांत जानेवारी २०२१मध्ये ही तरतूद आली. ज्या कंपनीचं मागच्या तीन वर्षांतलं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिने एक कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांचं मूल्यमापन करायचं, तेही प्रकल्प पूर्ण होऊन निदान वर्ष उलटल्यावर आणि स्वतंत्र संस्थेकडून. जबाबदारी कंपनीची. मूल्यमापनाचा खर्च कंपनी सीएसआरमध्ये धरू शकते. मर्यादा त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांतली जी जास्त असेल ती. आठ गटांचा प्रकल्प एक कोटीचा असण्याची शक्यता कमी. एप्रिलच्या अहवालाला तर हा नियम लागूच होत नाही. 'हे प्रगती अहवालाचे आकडे आहेत' असं शीर्षकातच लिहा.

नियंत्रण गट आठ वस्त्यांत करू नका. मुंबईत २००८पासून महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर लिंगभाव समानतेचा जो कार्यक्रम झाला, त्याच्या अभ्यासात ४५ शाळा होत्या: १५ शाळांत वर्गातली सत्रं आणि मोहीम, १५त फक्त मोहीम, १५त काहीच नाही. तुलना करायची तर एवढा पसारा लागतो. तुमच्याकडे चार विरुद्ध चार वस्त्या होतील, आणि एका वस्तीत मेट्रोचं काम निघालं की सगळी तुलना कोसळेल. त्याऐवजी जुलैत सुरू होणारे चार गट आणि जानेवारीत सुरू होणारे चार अशी पाळी लावा. जानेवारीवाल्यांचीही प्रश्नावली जुलैत घ्यायची. काटेकोर पुरावा नाही मिळणार, पण 'सहा महिन्यांत वयानेच एवढं वाढतं' याचा अंदाज येतो. १५ ते १७ आणि १८ ते २४ यांच्या सरासऱ्या मात्र वेगळ्या ठेवा.

ओसरी

मारहाणीचे प्रश्न १८ खालच्यांना लेखी प्रश्नावलीत विचारू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मग तुम्ही बिननावाचा कागद घेतलाय, त्यावर एकीने 'हो' लिहिलंय, आणि ती कोण हे तुम्हाला माहीत नाही. ना तिला मदत, ना कायदा पाळला. विचारायचंच असेल तर प्रशिक्षित ताई समोर असताना, समुपदेशकाची वेळ आधी घेऊन, आणि 'मी हे गुपित ठेवू शकणार नाही' असं सुरुवातीलाच सांगून. अहवालासाठी तर नकोच. त्या जागी मत विचारा: 'बहिणीला उशीर झाला तर भावाने हात उचलला, तुला काय वाटतं?' असा छोटा प्रसंग द्या. उत्तरं वर्षभरात कशी सरकतात ते दिसतं आणि कुणी उघडं पडत नाही.

संमतीचं: २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. कागदावर घेऊन नंतर एक्सेलमध्ये चढवलेली माहितीही त्यात येते. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, काय विचारणार, कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार एवढं लिहिलेलं. पालकांची सही झाली तरी मुलाला वेगळं विचारा, आणि 'नाही' म्हणणारा गटात राहतो हे त्याला ऐकू येईल असं सांगा.

शब्दशः

एप्रिलच्या अहवालासाठी एक सुचवतो. ३.९ आणि ३.७ दोन्ही छापा, मोजपट्टींची चार कारणं खाली द्या, आणि यातलं कोणतं तुम्ही तपासलंत ते लिहा. तपासायला वेळ आहे: मार्चमध्ये कागद भरलेल्यांपैकी दहा जणांना बोलावून 'अभिमान' आणि 'मोकळेपणाने' या दोनच विधानांवर वर सांगितलेले तीन प्रश्न विचारायचे. जुलैत काय समजलं होतं हेही विचारा. दोन संध्याकाळी लागतील.

गटचालक_भोसरी

दहा जण ठरवतोय, पाच मुली पाच मुलगे. गळालेल्यांपैकी तिघांनाही बोलावू का?

सत्रनिरीक्षक

बोलावू नका, त्यांच्या घरी जा. आणि त्यांच्या ताईला बरोबर नेऊ नका.